दिसतंय तेव्हाच दाखवा

बदलापूरच्या मांजर्लीत माझी थोरली आपा राहते. साठी उलटलीय, बारा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेते. पण डोळे तपासून घे म्हटलं की चष्मा चढवते आणि माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवते. "दिसतंय की मला! कशाला थेंब घालून घेऊ?" थेंब घातले की काही तास सगळं धूसर, उन्हाकडे बघवत नाही. मग घरी परतायचं कुणाच्या हाताला धरून? काही दुखत नसताना एवढा खटाटोप तिला पटत नाही.

आमच्या अम्मीलाही पटत नव्हता. एका सकाळी कुराणाच्या पानावर तिला काळं जाळं दिसलं. पान मळलंय असं समजून ती ते पदरानं पुसत बसली. तो डोळा पुन्हा पूर्ण उघडला नाही.

मधुमेहाची खोडच अशी. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, झिरपू लागतात. तोवर दोरा सुईत जातच असतो. लेसर आणि इंजेक्शनांनी नजर वाचवता येते, पण गेलेली सगळी परत येईलच असं नाही.

म्हणून मुंबईतला एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहींच्या पडद्याचे फोटो स्मार्टफोनवर काढले. साधा फोन नव्हे हं, त्याला खास भिंग आणि दिवा जोडलेला असतो. फोटो काढणारा डॉक्टर नव्हता, असा कॅमेरा त्यानं आधी हाताळलाही नव्हता. फोटो पाहून निर्णय फोनमधल्याच संगणकीय प्रणालीनं दिला, इंटरनेटशिवाय.

२३१ जणांचे फोटो निघाले. काहींचे नीट न आल्यानं बाजूला पडले. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. तज्ज्ञांच्या मते ज्यांना पुढे पाठवणं गरजेचं होतं, त्यांतला एकही फोनच्या नजरेतून सुटला नाही. अगदी सौम्य बिघाड धरला, तर मात्र शंभरातले पंधराएक सुटले. आणि गरज नसलेल्या शंभरांतल्या बाराएक जणांनाही त्यानं पुढे जायला सांगितलं. माझ्या मते ही चूक परवडणारी आहे. संख्या लहान आहे, हेही खरं.

मला यातली दवाखान्याची जागा महत्त्वाची वाटते. जिथं आपा गोळ्या आणायला जाते, तिथंच त्याच रांगेत फोटो निघाला, तर वेगळा दिवस मोडायला नको. अर्थात फोटो म्हणजे उपचार नव्हेत. 'पुढे जा' म्हटल्यावर कुठं, कुणाबरोबर आणि कुणाच्या पैशानं जायचं, हे फोन सांगत नाही.

तोवर आम्ही जुन्याच रीतीनं जायचं ठरवलंय. येत्या शनिवारी आपाला घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. हात धरायला मी आहे. सुई-दोरा तेवढा घरी ठेव, असं तिला बजावलंय.