आधी दार उघडा, मग मजले चढवा



अध्यक्षानं सगळ्यात शेवटी उठायचं, सर्वांना बरं वाटेल असे चार शब्द बोलायचे आणि लोकांना जेवायला सोडायचं, अशी रीत आहे. ती मी आज पाळणार नाही. सकाळपासून या मांडवात जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं मला पटलेलं नाही. ते तोंडावर सांगायचं नसेल तर या खुर्चीवर मला बसवलंत कशाला?

वाद सरळ आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या इंग्रजी शाळांना वाढायचंय. आठवीपर्यंतच्या शाळेला दहावीची दर्जावाढ पाहिजे, एका तुकडीवाल्याला तीन तुकड्या पाहिजेत, हिंगोलीवाल्याला कळमनुरीत शाखा पाहिजे. काही पालक म्हणाले, वाढू द्या, लेकरांना नांदेडला ठेवायचा खर्च वाचेल. काहींनी विचारलं, आमच्या लेकराला पहिलीत उभं केलं नाही, त्यांना आम्ही काय म्हणून वाढू द्यायचं? माझं मत आत्ताच सांगून टाकतो. शाळा वाढायला माझी हरकत नाही. मात्र जिच्या प्रवेशाचा हिशेब उघड्यावर नाही, तिला एक खोलीसुद्धा वाढवून मिळू नये.

एका संस्थाचालकांनी इथूनच सांगितलं, “शाळा आमची, पैसा आमचा, कोणतं लेकरू घ्यायचं ते आम्ही बघू.” साहेब, हे तुम्ही फार चुकीचं बोललात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचं तेरावं कलम म्हणतं की प्रवेशासाठी देणगी घ्यायची नाही आणि मुलाची किंवा आईबापाची चाळणी लावायची नाही. बाराव्या कलमानं विनाअनुदानित शाळेवरही प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना देण्याचं बंधन घातलं. त्याविरुद्ध देशभरच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 12 एप्रिल 2012 ला न्यायालयानं कायदा उचलून धरला. तरी आपल्याकडं तीन-साडेतीन वर्षांच्या लेकराला फळांची नावं विचारतात आणि त्याच्या आईला इंग्रजीत बोलता येतं का ते बघतात. ‘गप्पा मारायला बोलावलं’ म्हणतात. ज्या गप्पांनंतर यादी लागते, ती चाळणीच असते.

आणि पैसा एकट्या तुमचा कसा? बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेले सार्वजनिक न्यास आहेत. धर्मादाय म्हणून करात सूट घ्यायची आणि दारावर मालक म्हणून उभं राहायचं, हे एका वेळी चालणार नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढं हेच गाऱ्हाणं मांडलं होतं: कर शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या थरासाठी होतो. ‘खासगी’ या शब्दाला मी शिवी मानत नाही. निजामाच्या राज्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सरकारनं काढली नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवत होते. तीही खासगीच होती, पण तिच्या पाठीशी लोक होते.

आता सरकारकडं वळतो, कारण सगळा दोष संस्थाचालकांच्या माथी मारणं सोपं आहे आणि ते खरं नाही.

9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला 25 टक्क्यांतून मोकळीक. आता हिंगोली शहरात असा कोणता कोपरा आहे, जिथून किलोमीटरभरात जिल्हा परिषदेची, नगर परिषदेची नाहीतर अनुदानित शाळा नाही? म्हणजे एका अधिसूचनेनं दार बंद. पालक न्यायालयात गेले. 6 मे रोजी उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, 19 जुलैला ती दुरुस्ती रद्द केली आणि 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. तोवर शाळा कधीच भरल्या होत्या. बाकीची पोरं बाराखडी गिरवत होती आणि ही लेकरं घरी यादीची वाट बघत होती. त्या वर्षी राज्यात एक लाखाच्या आसपास जागांसाठी दोन लाखांवर अर्ज आले होते.

याच्या आधीचं वर्ष आठवा. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव शिक्षण विभागानं मागवले. तोच विभाग पाच महिन्यांनी गरिबाला सांगतो, तुझ्या घराजवळ सरकारी शाळा आहे, तिथंच जा. जवळ आहे म्हणून बोट दाखवायचं, आणि पट कमी म्हणून तीच उचलायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलंय. दोन शिक्षक आणि चार वर्ग ही शाळा कशी चालते ते मला विचारा. एक गुरुजी पोषण आहाराच्या नोंदी भरतात, दुसरे मतदार यादीच्या कामाला जातात, आणि वर्गात चौथीची मुलगी पहिलीला पाढे म्हणायला लावते.

हा जिल्हा नामदेवांचा आहे, म्हणून ती आख्यायिका सांगतो. नरसीचे नामदेव औंढ्याला नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले आणि त्यांना तिथून उठवलं. ते देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन गायला लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. दर वर्षी आपण हे भक्तिभावानं ऐकतो. मग शाळेच्या दारातून उठवलेल्या लेकराकडं आपल्यातला एकही जण तोंड का फिरवत नाही?

25 टक्के जागांसाठी ऑनलाइन सोडत आहे म्हणजे सगळं न्यायानं होतं, असं इथं एक जण म्हणाले. चिठ्ठी निघण्याआधी काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नाही. मी एका ई-सेवा केंद्रात बसून पाहिलंय. सेनगावकडून शहरात धुण्याभांड्याला आलेली बाई, कडेवर पोरगं. अर्जात नकाशावर आपल्या घराच्या जागी बलून ठेवावा लागतो, आणि शाळा जवळची की लांबची ते त्यावरून ठरतं. बाईला नकाशा वाचता येईना. केंद्रातला पोरगा घाईत होता. त्यानं मारुतीच्या देवळावर बलून टेकवला आणि पुढचं पान उघडलं. घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं. पुढं कागद मागितले. भाड्याची खोली असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तिचा घरमालक म्हणाला, नोंदणी करायची असेल तर खोली खाली कर. सोडतीत तिच्या लेकराचं नाव निघालं असतं, तरी पडताळणीला पत्ता जुळला नसता आणि भाडेकरारही नसता. तिचा अर्ज तिथंच बाद झाल्यासारखा होता.

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. चार चार किलोमीटरच्या तिच्या दोन भुजांमध्ये अणूच्या गाभ्याहून बारीक फरक मोजला जाणार आहे. मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच जिल्ह्यात एका बाईच्या घरापासून शाळेपर्यंतचं अंतर आपल्याला नीट मोजता येत नाही, याची चीडही येते.

आणि हे अर्ज कधी भरायचे असतात? बहुतेक वर्षी जानेवारी ते मार्च. तेव्हा आपली ऊसतोड कामगार माणसं कुठं असतात? कारखान्याच्या तळावर, कोपीत. निवड झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, आणि तो मोबाइल असतो मुकादमाकडं नाहीतर नवऱ्याच्या खिशात, बॅटरी संपलेला. मुदत संपली की जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्याला. ज्याच्यासाठी कायदा केला तोच गावात नसताना त्याची मुदत ठेवायची, यावर आजवर एकाही लोकप्रतिनिधीनं तोंड उघडल्याचं मी ऐकलं नाही.

संस्थाचालकांची एक तक्रार मात्र खरी आहे, तीही इथूनच सांगतो. या 25 टक्के मुलांची फी सरकारनं भरायची असते. दर मुलामागं वर्षाला 17,670 रुपये ठरवले, कोरोनाच्या वर्षात ते 8,000 वर आणले, आणि ठरलेलंही वर्षानुवर्षं थकवलं. आमचे पैसे द्या म्हणणाऱ्या शाळेच्या बाजूनं मी मोर्चात चालेन. पण थकबाकीचा राग सहा वर्षांच्या लेकरावर काढणं, त्याला वेगळ्या बाकावर बसवणं, स्नेहसंमेलनाचे पैसे दिले नाहीत म्हणून त्याला नाचातून वगळणं, हे मी कधीच मान्य करणार नाही.

आता पालकांकडं येतो. टाळ्या थांबवा, हे तुम्हालाच आहे. घरात दोन पगार येत असताना एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला कोण काढतं? मामाच्या घरचा पत्ता लावून अंतर कोण कमी करतं? आपल्यातलेच. त्या जागेवर तुमचं लेकरू बसलं म्हणजे त्या धुणंवाल्या बाईचं उठलं. आणि ज्यांनी पूर्ण फी भरली त्यांच्यातले काही जण विचारतात, “ती मुलं आमच्या मुलांबरोबर कशाला?” हा प्रश्न या जिल्ह्यात मोठ्यानं विचारायला लाज वाटली पाहिजे.

हे भांडण फक्त आपलंच नाही. चिली देशानं 1981 पासून मुलामागं सरकारी पैसा खासगी शाळांना द्यायला सुरुवात केली. शाळा वाढल्या, पण मुलं निवडायचा हक्क शाळांकडंच राहिला. विद्यार्थी रस्त्यावर आले, वर्षानुवर्षं लढले, आणि 2015 च्या कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना निवड आणि नफा दोन्ही बंद केलं. अमेरिकेत सरकारी पैशावर खासगी मंडळं चालवतात त्या चार्टर शाळा. मॅसॅच्युसेट्स राज्यात त्यांची संख्या वाढवायचा प्रस्ताव 2016 मध्ये थेट मतदारांपुढं ठेवला, आणि 62 टक्के लोकांनी तो फेटाळला. तिथं चिठ्ठ्या टाकूनच प्रवेश देतात, तरीही आधीच्या सरकारी शाळांचा पैसा कमी होईल ही भीती लोकांना होती. आपल्याकडं एखाद्या शाळेला दर्जावाढ मिळते तेव्हा शेजारच्या जिल्हा परिषद शाळेचं काय होईल, हे फाइलमध्ये कुणी लिहितं का?

आणि जिल्हा परिषदेची शाळा चांगली होतच नाही, हे मला कुणी सांगू नका. पुणे जिल्ह्यात वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी बाहेरगावची रांग लागली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेला 2025 मध्ये जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही जिल्हा परिषदेच्याच. खरं म्हणजे वाबळेवाडीत रांग लागल्यावर प्रवेशावरून वादही झाला, चौकशीही झाली. शाळा सरकारी असो की खासगी, रांग लागली की कोणाला आत घ्यायचं याचा नियम भिंतीवर लिहिलेला लागतो. आपल्या वसमतच्या नवोदय विद्यालयात सहावीला 80 जागा असतात. तिथली प्रवेश परीक्षा कुणाला आवडो न आवडो, पण तिच्या अटी अर्ज भरण्याआधी सगळ्यांना माहीत असतात.

म्हणून मी भाषणाऐवजी ठराव मांडतो. दर्जावाढ किंवा वाढीव तुकडी मागणाऱ्या शाळेनं मागच्या तीन वर्षांत 25 टक्क्यांच्या किती जागा दाखवल्या, किती भरल्या आणि किती मुलं मध्येच सोडून गेली, हे शाळेच्या फाटकावर लावावं. वाढीव तुकडीतल्या 25 टक्के जागाही पोर्टलवर दिसाव्यात. ऊसतोड आणि इतर स्थलांतरित कुटुंबांसाठी परतल्यावर अर्जाची दुसरी मुदत मिळावी, आणि भाडेकरार नसेल तिथं वस्तीत जाऊन पंचनाम्यानं पत्ता मान्य व्हावा. सरकारनं शाळांची थकबाकी चालू वर्षात द्यावी. हा ठराव जिल्हाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्याकडं उद्याच सकाळी अकरा वाजता मी स्वतः घेऊन जाणार आहे.

बाजूनं असतील त्यांनी हात वर करावा. विरोधात असतील त्यांनीही करावा, आणि आपलं नाव सांगावं, इतिवृत्तात दोन्ही बाजूंची नावं लिहिली जातील. संस्थाचालकांनी आधी हात वर करावा, अशी माझी विनंती आहे.