पायी सुट्टी घालवण्याजोगे गाव



सुट्टी जवळ आली की घरोघर पहिला प्रश्न निघतो, ‘कुठे जायचे?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘गाडी कोणाची न्यायची?’ या दुसऱ्या प्रश्नाला रजा दिली तर पहिल्याचे उत्तर कसे बदलते, एवढाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

दापोलीकरांपुढे चालण्याचे माहात्म्य सांगणे म्हणजे हर्णैच्या बंदरावर मासळी विकायला नेण्यासारखे आहे. याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत गेले. आणि तिथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या शाळेत शिकताना घरी जात, तेही पायीच. पण त्यांचे चालणे नाइलाजाचे होते. आम्ही बोलणार आहोत ते हौसेच्या चालण्याविषयी. आणि हौसेने चालायचे तर गाव पारखून घ्यावे लागते.

ही पारख चार गोष्टींवरून करावी, असे आम्हांस वाटते. पहिली, गावात गाडीवाचून पोचता आले पाहिजे आणि उतरल्यावर पिशवी हातात घेऊन मुक्काम गाठता आला पाहिजे. दुसरी, चहा, जेवण, औषध आणि पाहण्यासारख्या चार जागा मैलभराच्या आत असाव्यात. तिसरी, वाटेवर सावली, पाणी आणि टेकायला एखादा कट्टा असावा. चौथी सर्वांत महत्त्वाची: रस्ता चालणाऱ्याचा आहे, हे त्या गावाने मनाशी ठरवलेले असावे.

या चौथ्या कसोटीला पुरेपूर उतरणारे गाव आपल्या महाराष्ट्रातच आहे, ते म्हणजे माथेरान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली त्या डोंगरावर चढले आणि पुढे तिथे वस्ती झाली. 1907 साली पीरभॉय घराण्याच्या पैशाने नेरळहून दोन फुटी रुळांची छोटी गाडी वर गेली. सुमारे 21 किलोमीटरची ती वळणावळणांची वाट आजही लहानथोरांना सारखीच मोहवते. पावसाळ्यात मात्र घाटातली ही गाडी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. मोटारीने आलेल्याला दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवावी लागते. तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर. पायाखाली तांबडी माती, डोक्यावर दाट झाडी. तोच जांभा दगड, तीच लाल धूळ. दापोलीच्या माणसाला तिथे परके वाटायचे नाही. 2003 साली केंद्र सरकारने माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले, तेव्हा या जुन्या शिस्तीला कायद्याचा आधार मिळाला.

पण चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोटार नाही म्हणजे ओझे नाहीसे झाले, असे नव्हे. आजारी माणूस, म्हातारी आजी, पाहुण्यांच्या ट्रंका हे सारे कोणीतरी वाहतच होते. माथेरानात ते घोडा वाही, हमाल वाही आणि हातरिक्षा ओढणारा माणूसही वाही. माणसाने माणसाला ओढावे, ही गोष्ट माणुसकीला धरून नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि त्यांच्या जागी विजेच्या रिक्षांची वाट दाखवली. आमच्या मते यात माथेरानच्या शिस्तीचा भंग नाही. ज्याला चालवत नाही त्याचीही सोय, आणि तीही दुसऱ्याच्या छातीवर भार न टाकता करणे, हाच पायी गावाचा खरा धर्म होय.

डोंगर नको, शहर हवे, असे कोणी म्हणेल. त्याने खेडला कोकण रेल्वेत बसावे, करमळीला उतरावे आणि तिथून पणजी गाठावी. पणजीचे बसस्थानक पाट्ट्यावर आहे. खाडीवरचा लहानसा पूल ओलांडला की फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्या लागतात. पुढे चर्चचा चौक, बाजार आणि मांडवीचा काठ. पाय दुखू लागले तर फेरीबोटीतून पलीकडे बेतीला जावे. पायी उतारूला तिथे तिकीट पडत नाही. पणजीत मोटारी भरपूर आहेत. तरी जुन्या वस्तीची घडणच अशी की, तिथे चालणारा मोटारवाल्याच्या आधी पोचतो. दूरदेशीचे व्हेनिस शहर तर पाण्यावरच वसलेले. तिथे 1846 साली आगगाडीचा आणि 1933 साली मोटारीचा पूल पोचला, पण मोटारींना शहराच्या उंबरठ्यावरच थांबावे लागते आणि आतला सारा व्यवहार पायी नाहीतर नावेने चालतो.

आता तीच मोजपट्टी आपल्या दापोलीला लावून पाहू. एस.टी.चे स्थानक गावातच. बाजार आणि आझाद मैदान हाकेच्या अंतरावर. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फूट उंचीमुळे सकाळ-संध्याकाळची हवा चालायला बोलावते. हर्णै, मुरुड, कर्दे पाहायचे तर एस.टी. आहेच. तीन कसोट्यांना गाव बऱ्यापैकी उतरते. राहिली चौथी. सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्याकडे धावणाऱ्या मोटारी गावाच्या पोटातून जातात, तेव्हा रस्ता कोणाचा असतो? शाळा सुटलेली मुले आणि भाजीला निघालेली आजी गाडीसाठी थांबतात, की गाडी त्यांच्यासाठी थांबते? याचे उत्तर आपण सारे जाणतोच.

म्हणून आमची श्रोत्यांस दुहेरी विनंती आहे. यंदाच्या सुट्टीत एकदा तरी गाडी घरी ठेवून अशा एखाद्या गावी जावे, दोन दिवस पायी हिंडावे आणि तिथल्या लोकांनी काय ठरवले, कसे निभावले ते डोळसपणे पाहावे. आणि परत आल्यावर आपल्या नगरपंचायतीपुढे फार मोठे नव्हे, एवढेच मागणे मांडावे: सुट्टीच्या दिवसांत बाजाराचा रस्ता संध्याकाळचे दोन तास चालणाऱ्यांना मोकळा ठेवावा आणि पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेर उभ्या राहतील अशी जागा नेमावी. पाहुणा येतो चार दिवस. आपली मुले आणि आपले म्हातारे तर बारा महिने याच रस्त्याने चालतात. त्यांना निर्धास्त चालता आले, तर पाहुण्याला आणखी वेगळे आमंत्रण देण्याची गरज उरणार नाही.