मुलांच्या हातांतील हत्यार



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी परंपरा आहे. मी विद्वान नव्हे. नववीतून शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लेथपुढे उभा राहिलो, आणि पुढे जे थोडेबहुत वाचन झाले ते पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आश्रयाने झाले. तेव्हा शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु कोवळ्या वयाची मुले सुरे आणि कोयते जवळ का बाळगतात, आणि त्याला उपाय काय, हा आजचा विषय मी पुस्तकात पाहिलेला नाही. वस्तीत पाहिलेला आहे. एकदा तर स्वतःच्या डब्याच्या पिशवीत पाहिलेला आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

प्रथम एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. आपल्या भाषेत 'हत्यार' या शब्दाचे अर्थ दोन. सुतार, गवंडी, लोहार, फिटर आपल्या अवजारांना हत्यारेच म्हणतात. आणि ज्याने माणूस मारावयाचा तेही हत्यारच. खंडेनवमीला कारखान्यात आम्ही ज्यांना हळदकुंकू वाहतो ती पहिल्या अर्थाची हत्यारे. एकाच पोलादाचे हे दोन अर्थ. त्यांतला कोणता खरा ठरावयाचा, ते ज्याच्या हातात ते आहे त्याच्यावर आणि त्याला समाजाने कोठे उभे केले आहे यावर अवलंबून असते. आज मला जे सांगावयाचे आहे ते इतकेच आहे.

कोयत्याचेच पाहा. बीडकडून दरवर्षी साखरपट्ट्यात ऊस तोडावयास माणसे जातात. त्यांच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे एक अवजार नव्हे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे देतो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. एखादा दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि तो उचलीत धरला जातो. ज्या शब्दात दोन माणसांचा संसार आणि घाम सामावलेला आहे, तो शब्द २०२२ च्या अखेरीपासून आपल्या पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'गँग' या शब्दाशेजारी छापला जाऊ लागला. पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, उभ्या गाड्यांवर वार केले, रस्त्यावर कोयते नाचविले आणि त्याची चित्रे काढून मोबाईलवर सगळ्यांना दाखविली. पकडल्या गेलेल्यांत मिसरूड न फुटलेली मुले निघू लागली.

पोलिसांनी काय केले? २०२३ साली कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचे आधारकार्ड पाहून नोंद ठेवण्यास सांगितले. कोयतेवाल्यांना पकडणाऱ्या पोलिसांना बक्षिसे लावली. मी त्यांना नावे ठेवणार नाही. ज्याच्या दारात कोयता नाचला त्याला आधी पोलीसच हवा असतो. परंतु या मार्गाची मर्यादा कायद्यातच दिसते. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. मात्र शेतीसाठी, घरकामासाठी वा उद्योगासाठी घडविलेली त्यांतून वगळलेली आहेत. तशी ती वगळलीच पाहिजेत, नाहीतर नारळवाला आणि ऊसतोड्या दोघेही उद्या गजाआड जातील. मग महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालील मनाई आदेशांवर भिस्त ठेवावी लागते. लोखंड घराघरांत आहे. ते मोजून संपणार नाही.

म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की मुलगा ते उचलतो कशासाठी? माझ्या अनुभवाने याची दोन उत्तरे आहेत. एक भीती, आणि दुसरे मान. पलीकडच्या गल्लीतल्या मुलाजवळ आहे असे ऐकतो म्हणून हा ठेवतो. याच्याजवळ आहे हे कळते म्हणून तिसरा ठेवतो. आणि ज्याला शाळेने नापास म्हणून, घराने भार म्हणून, नाक्याने रिकामटेकडा म्हणून ओळखले, त्याला ते पाते हातात येताच प्रथमच कोणीतरी बाजूला सरून वाट देते. ही वाट देणे त्याला गोड लागते.

आता माझ्या पिशवीची गोष्ट. १९८६ साली मी भोसरीच्या एका लहान वर्कशॉपात हेल्पर होतो. पगाराच्या दिवशी आमच्या वस्तीच्या तोंडाशी मोठी पोरे उभी राहत आणि आमच्यासारख्यांचे खिसे रिकामे करीत. दोनदा माझा पगार गेला. तेव्हा मी पॉवर हॅक्सॉचे एक मोडके पाते घेतले, ग्राइंडरवर त्याला धार काढली, मुठीला चिंधी गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत ठेवले. तीन महिने ते तेथे होते. एकदाही बाहेर काढले नाही. परंतु त्याने माझी चाल बदलली. ज्या गल्लीला मी वळसा घालीत असे, तिच्यातून मी मुद्दाम जाऊ लागलो. कोणी रोखून पाहिले तर मान खाली घालीत असे, ती घालीनासा झालो. मी समजत होतो की पाते माझे रक्षण करीत आहे. वास्तविक ते मला भांडणाच्या दाराशी नेऊन उभे करीत होते.

एक दिवस ते आमच्या मिस्त्रींच्या हाती लागले. मला वाटले, आता पोलीस येणार किंवा नोकरी जाणार. मिस्त्रींनी पात्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "धार चांगली काढलीयस की रे. हात आहे तुला." मग तेच पाते त्यांनी माझ्यासमोर घासून लेथचे पार्टिंग टूल केले आणि त्याने काम कसे कापावयाचे ते मला शिकविले. परंतु खरी गोष्ट त्यापुढची आहे. त्यांनी विचारले, "भीती कोणाची?" मी सांगितले. त्यानंतर दर पगाराला ते आपली सायकल हातात धरून माझ्या बरोबर वस्तीच्या तोंडापर्यंत चालत येत. हुन्नर शिकविला तो मानाचा उपाय झाला. बरोबर चालत आले तो भीतीचा. यांपैकी एकच केले असते तर पाते पुन्हा पिशवीत गेले असते.

ही एका भल्या माणसाची गोष्ट झाली. सबंध शहराला हे जमते काय? स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचे शहर आहे. जहाजे बांधणाऱ्या कामगारांचे शहर. पुढे जहाजांचे बहुतेक कारखाने बंद पडले. परंतु तेथील वस्तरेवाल्या टोळ्या कारखाने चालू असतानाच्या, १९२० आणि ३० च्या सालांपासूनच्या. २००५ च्या सुमारास युरोपातील खुनांची राजधानी असा त्याचा लौकिक झाला. त्या वर्षी तेथील पोलिसांनी एक निराळे पथक काढले आणि पुढच्या वर्षी ते सबंध स्कॉटलंडसाठी केले. त्याचे प्रमुख जॉन कार्नोकन यांचा जन्म खुनांच्या तपासात गेलेला, आणि कॅरिन मॅकक्लस्की या मूळच्या परिचारिका. त्यांनी हिंसेकडे साथीच्या रोगाप्रमाणे पाहिले. रोग्याला शिव्या देऊन साथ जात नाही. ती कोठून पसरते ते शोधावे लागते.

२००८ च्या ऑक्टोबरात त्यांनी टोळ्यांतील मुलांना ग्लासगोच्या न्यायालयात बोलाविले. खटल्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. ही रीत त्यांनी अमेरिकेतील बॉस्टन आणि सिनसिनाटी या शहरांकडून घेतली होती. पोलिसांनी सांगितले की आम्ही तुम्हांला ओळखतो, आणि एकाने वार केला तर सबंध टोळीमागे लागू. मग शस्त्रवैद्याने सांगितले की सुऱ्याने चेहरा कसा उघडतो आणि तो शिवताना काय होते. मग एक आई उठली आणि आपल्या मुलाचे काय झाले ते तिने सांगितले. शेवटी एक टेलिफोन नंबर देण्यात आला: ज्याला हे सोडावयाचे आहे त्याने फोन करावा, शिक्षण, काम, व्यसनमुक्ती, जे लागेल ते पाहू. पुढे इस्पितळाच्या अपघात विभागातही माणसे नेमली, कारण जखम ओली असते तेव्हा मुलगा ऐकतो.

कायदा त्यांनी सैल केला नाही, हे ध्यानात घ्यावे. सुरा बाळगण्याची कमाल शिक्षा २००६ साली २ वर्षांवरून ४ वर्षे आणि २०१६ साली ५ वर्षे झाली. परंतु एका हातात दंड होता तेव्हा दुसरा हात रिकामा नव्हता. २००४-०५ साली स्कॉटलंडमध्ये सुमारे १४० खून झाले होते. २०२१ नंतरच्या वर्षांत तो आकडा ६० च्या आत राहिला. सगळे श्रेय या एका योजनेला देता येणार नाही. ग्लासगोच्या योजनेची तपासणी झाली तेव्हा, योजनेत न आलेल्या मुलांशी तुलना करता मारामाऱ्यांत मोठा फरक आढळला नाही; हत्यार बाळगणे मात्र योजनेतल्या मुलांत पुष्कळ अधिक कमी झाले. मला हे फार बोलके वाटते. राग एका वर्षात जात नाही. परंतु खिशात पाते नसेल तर रागाचा शेवट काळ्यानिळ्या डोळ्यावर होतो, तिरडीवर होत नाही.

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी एक कंत्राटी कामगार गेटमीटिंगनंतर माझ्याजवळ आला. "भाऊ, पोरगं नववीत बसलं. दिवसभर नाक्यावर असतं. कुठं तरी बघा की." मी म्हणालो, "बघतो." मग करार आला, कोर्टाची तारीख आली, मी विसरलो. अकरा महिन्यांनी त्या मुलाची आई कचेरीत आली. भांडणात त्याने कोयता चालविला होता. समोरच्या मुलाची दोन बोटे गेली होती. दोघेही सोळा वर्षांचे. तिने मला बोल लावला नाही. इतकेच विचारले, "भाऊ, ओळखीचा वकील आहे का?" वकील मी तासाभरात मिळवून दिला. शिकविणारा माणूस मिळवावयास मला अकरा महिने पुरले नव्हते. आणि ज्याची बोटे गेली तोही कामगाराचाच मुलगा. ज्या हाताने तो उद्या पान्हा धरणार होता तो हात गेला.

म्हणून मी आपल्याकडे काही मागावयास आलो आहे. शिक्षा कोणाला करावयाची तर आधी मुलांना पुढे करून मागे उभे राहणाऱ्या मोठ्यांना. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ८३ व्या कलमात अशा प्रौढास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड सांगितला आहे. त्याचा वापर होतो की नाही हे आपण नागरिकांनी विचारले पाहिजे.

दुसरे, नववी-दहावीत जो मुलगा गळतो त्याच्या दारी त्याच महिन्यात कोणीतरी गेले पाहिजे. आयटीआयच्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. हे वस्तीत कितीजणांना ठाऊक आहे? मी मुलांना कामाला जुंपा असे म्हणत नाही. बालमजुरीविरुद्ध मी जन्मभर भांडलो आहे. मी शिकवा म्हणतो. या सभेतही निवृत्त टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन बसलेले असतील. आठवड्यातून दोन संध्याकाळी आपण एका मुलाला देऊ शकणार नाही काय?

आणि तिसरे, जो मुलगा निरीक्षणगृहातून बाहेर येतो त्या दिवशी फाटकाशी कोण उभे असते ते पाहा. टोळीचा माणूस मोटारसायकल घेऊन हजर असतो. आपल्यापैकी कोणी नसते. त्या कामगाराचा मुलगा सुटला त्या दिवशी मी गेलो होतो. मोटारसायकल आलेली होती. तो क्षणभर दोहींकडे पाहत उभा राहिला आणि मग आईच्या मागोमाग आमच्या रिक्षात बसला. आता तो वेल्डिंग शिकतो आहे. रोज येतोच असे नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी मी त्याच्या घरी जातो. एवढेच माझ्या हाती आहे, आणि ते मी उशिरा सुरू केले.