आतड्यातील सूक्ष्मजीव आणि बालकांची प्रतिकारशक्ती

(उमरखेड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाळ सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे झाले की त्याला रोटाव्हायरसची लस तोंडावाटे दिली जाते. या विषाणूमुळे लहान मुलांना तीव्र जुलाब होतात. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१६ मध्ये चार राज्यांत सुरू झाली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रासह देशभर पोचली. मात्र तोंडावाटे दिलेल्या लसीचा गुण सर्वत्र सारखा येत नाही.

भारतीय बनावटीच्या 'रोटाव्हॅक' लसीची चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे मिळून ६,७९९ बालकांवर झाली. वढूचे काम पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने केले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून सुमारे ५४ टक्के संरक्षण मिळाले. श्रीमंत देशांत या रोगावरील लसी ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. पोलिओच्या थेंबांबाबतही उत्तर प्रदेश व बिहारमध्ये असाच अनुभव आला. तेथे एकेका बालकाला अनेकदा डोस द्यावे लागले.

असे का व्हावे? उत्तराचा मोठा भाग आतड्यात दडलेला आहे.

आतड्यातील वस्ती

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ मधील अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात असतो. आतड्याचे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. त्याच्या आतल्या पोकळीत जिवाणू, तर पलीकडे प्रतिकारक पेशींचा मोठा ताफा. या पेशींकडून 'आयजीए' नावाची प्रतिपिंडे आतड्यात सोडली जातात. ती जंतूंना चिकटतात आणि अस्तरापासून दूर ठेवतात.

पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांची प्रतिकारव्यवस्था अपुरी राहते. त्यांच्या आतड्यात जिवाणू सोडले की ती वाढीस लागते. म्हणजे मित्र कोण आणि शत्रू कोण, याचे शिक्षण शरीराला या जिवाणूंच्या सहवासात मिळते. धान्य, डाळी व भाज्यांतील चोथा पचविण्याचे काम जिवाणू करतात. त्यातून 'ब्युटिरेट' हा पदार्थ तयार होतो. तो अस्तराच्या पेशींचे पोषण करतो आणि प्रतिकारव्यवस्थेला आवर घालणाऱ्या 'नियामक टी पेशीं'ना चालना देतो. या पेशींविषयीच्या शोधांसाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांचे मोल या दृष्टीनेही जाणले पाहिजे.

अस्तर सुजते तेव्हा

दूषित पाण्यातून रोगजंतू वारंवार पोटात गेले, तर जुलाब नसतानाही अस्तर सुजलेले राहते. अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात. बालक जेवते, परंतु अंगी लागत नाही. अशा आतड्यात तोंडावाटे दिलेली लसही नीट रुजत नाही, असे शास्त्रज्ञांना वाटते. घाना व पाकिस्तानातील अभ्यासांत लस लागू पडलेल्या आणि न पडलेल्या बालकांच्या जिवाणूंत फरक दिसला. वेल्लोरच्या अभ्यासात मात्र तसा ठळक संबंध आढळला नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे, कुपोषण, इतर विषाणूंचा संसर्ग अशी कारणेही असतात. यावरून लस टाळावी, असा अर्थ कोणी काढू नये. चोपन्न टक्के संरक्षण म्हणजे संभाव्य तीव्र आजारांपैकी निम्म्याहून अधिक टळणे होय.

गावाने काय करावे?

पहिले काम जन्मानंतरच्या पहिल्या तासातले. चिकाचे दूध पिळून टाकू नये. त्यात आयजीए प्रतिपिंडे विपुल असतात. आईच्या दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत. त्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य आहेत. म्हणून मधाचे बोट, घुटी आणि वरचे पाणी टाळून सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे.

दुसरे काम औषधांविषयीच्या विवेकाचे. बालकांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. उलट ती उपयुक्त जिवाणू मारतात. क्षारसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या हा मुख्य उपचार आहे. रक्ताची शौच झाली किंवा बाळ मलूल पडले, तर विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे.

तिसरे काम पंचायतीचे. पैनगंगेच्या काठच्या या तालुक्यात पावसाळ्यात विहिरींत गढूळ पाणी उतरते, तेव्हा जलसुरक्षकाने टीसीएल पावडर ठरल्या प्रमाणात टाकली की नाही, हे सदस्यांनी स्वतः पाहावे. पाण्याच्या सर्वेक्षणात गावाला लाल कार्ड मिळाले, तर त्याची चर्चा ग्रामसभेत व्हावी. शाळेत जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची शिस्त शिक्षकांनी लावावी.

लस पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ती ज्या आतड्यात रुजायची, ते निरोगी ठेवण्याचे काम घर, शाळा आणि पंचायत यांनी मिळून करावयाचे आहे. पाण्याच्या टाकीवर होणारा खर्च हा बालकांच्या प्रतिकारशक्तीवरचा खर्च आहे, हे ध्यानात घेऊन या वर्षीचा विकास आराखडा तयार व्हावा.