कॅडबरी घराण्याची पेढी

आपल्याकडील लहान मूल चॉकलेटसाठीं हट्ट धरतें तेव्हां पुष्कळदां तें चॉकलेट म्हणतच नाहीं, ‘कॅडबरी’ म्हणतें. विकणाऱ्याचें आडनांव वस्तूला लागावें आणि वस्तूचें मूळ नांव मागें पडावें, हें भाग्य फारच थोड्या दुकानदारांच्या वांट्यास येतें. हा धंदा कसा उभा राहिला, आणि वैभवाच्या ऐन भरांत त्याच्या चालकाला न्यायालयांत कोणत्या प्रश्नाला तोंड द्यावें लागलें, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

जॉन कॅडबरी या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणानें १८२४ सालीं बर्मिंगहॅम शहरांतील बुल स्ट्रीटवर एक लहानसें दुकान थाटलें. चहा, कॉफी, मोहरी असा जिन्नस तेथें मिळे. त्याबरोबरच जॉन स्वतः खलबत्त्यानें कुटलेली कोको-पूड विकीत असे. त्या काळीं चॉकलेट हें खाण्याचें नसून पिण्याचें होतें. घराणें क्वेकर पंथाचें. शपथ घ्यावयाची नाहीं, शस्त्र धरावयाचें नाहीं, असे या पंथाचे कडक नियम. आणि प्रस्थापित चर्चच्या बाहेर राहिल्यामुळें ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे या लोकांना दीर्घकाळ बंद होते. लष्कर नाहीं, पदवी नाहीं. राहिला तो व्यापार. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउंट्री हे चॉकलेटवालेहि क्वेकरच होते, हा केवळ योगायोग नव्हे. गरिबाचा संसार दारू धुळीस मिळविते हें डोळ्यांनीं पाहिलेल्या जॉनला कोकोचा पेला हा दारूवरचा उतारा वाटे. १८४२ च्या सुमारास त्याच्या दरपत्रकांत पिण्याच्या चॉकलेटचे सोळा आणि कोकोचे अकरा प्रकार होते. १८४७ मध्यें कारखाना ब्रिज स्ट्रीटला गेला. पुढें व्हिक्टोरिया राणीचें सनदपत्रहि मिळालें.

मग उतरती कळा लागली. १८५५ मध्यें पत्नी वारली, जॉनची प्रकृति ढासळली, आणि धंद्यावरील त्याचें लक्ष उडालें. १८६१ सालीं रिचर्ड आणि जॉर्ज या दोन मुलांच्या हातीं पेढी आली तेव्हां मोठा भाऊ पंचविशींतला व धाकटा एकवीस वर्षांचा होता. आईकडून प्रत्येकाला चार हजार पौंड मिळाले होते. तें सर्व भांडवल त्यांनीं धंद्यांत ओतलें, आणि पहिलीं कांहीं वर्षें तें डोळ्यांदेखत वितळत गेलें. पेढी बुडालीच तर रिचर्डनें जमीन-मोजणीचें काम धरावें आणि जॉर्जनें हिमालयांत जाऊन चहाचा मळा करावा, असा बेत ठरला होता म्हणतात. तो बेत साधता तर मुलांच्या तोंडीं आज कोणतें नांव असतें, कोण जाणे!

तारलें तें एका यंत्रानें. कोकोच्या बियांत चरबी फार. ती पेल्यावर तरंगे. तिला जिरविण्यासाठीं सगळेच कारखानदार पुडींत बटाट्याचें पीठ, साबुदाणा असे पदार्थ मिसळीत, आणि कॅडबरीहि त्याला अपवाद नव्हते. ही चरबी दाबून काढणारें यंत्र हॉलंडांतील व्हॅन हौटेन यांच्याकडे होतें. जॉर्ज तेथें गेला, डच भाषेचें अक्षर येत नसतां सौदा करून यंत्र घेऊन आला, आणि १८६६ मध्यें भेसळीविना केलेला ‘कोको एसेन्स’ बाजारांत आला. अन्नांतील भेसळीविरुद्ध इंग्लंडांत त्याच सुमारास गवगवा चालला होता व पुढील दशकांत कायदेहि झाले. तेव्हां ‘शुद्ध’ हा एक शब्दच कॅडबरींची जाहिरात झाला. दाबून काढलेल्या चरबीचें काय करावयाचें, हा प्रश्नहि फायद्याचाच ठरला. तिच्यापासून खाण्याचें चॉकलेट होऊं लागलें. रिचर्डला चित्रकलेचा नाद होता. पेट्यांच्या झांकणांवर त्यानें स्वतः काढलेलीं चित्रें झळकूं लागलीं, आणि चॉकलेट ही भेट देण्याची वस्तु बनली.

धंदा वाढला तसा १८७९ सालीं कारखाना शहराच्या धुरांतून चार मैल दूर, बोर्न नांवाच्या ओढ्याकांठीं उघड्या माळावर नेण्यांत आला. बोर्नव्हिल तें हेंच. तेथें खेळाचीं मैदानें, बागा, पोहण्याचे तलाव झाले. आणि १८९० नंतरच्या दशकांत जॉर्जनें स्वतःच्या पैशानें शेजारची जमीन घेऊन परसबाग असलेलीं घरें बांधविलीं. दारूच्या गुत्त्याला वस्तींत जागा नव्हती. हें सर्व वात्सल्य वडीलकीच्या धाकाचेंच होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. स्त्रिया व पुरुष यांचे कामाचे विभाग निराळे, आणि मुलीचें लग्न ठरलें कीं तिची नोकरी सुटे. तरीहि बर्मिंगहॅमच्या कोंदट चाळींतून तेथें आलेल्या कुटुंबाला तो स्वर्गच वाटला असल्यास नवल नाहीं. १९०० सालीं जॉर्जनें ही सारी मालमत्ता, ३३० एकर जमीन व ३१३ घरें, एका विश्वस्तमंडळाच्या स्वाधीन केली. रिचर्ड त्यापूर्वींच, १८९९ मध्यें, जेरुसलेमला वारला होता.

आणि नेमक्या याच वेळीं एक कागद पेढीच्या हातीं आला. आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातांत साओ टोमे नांवाचें बेट आहे. गोव्याप्रमाणें तेंहि तेव्हां पोर्तुगालच्या ताब्यांत होतें. तेथील कोको उत्तम, आणि कॅडबरींच्या खरेदीचा मोठा भाग तेथून येई. १९०१ सालीं त्या बेटावरील एक मळा विक्रीस निघाला. त्याच्या मालमत्तेच्या यादींत मजुरांचीहि किंमत धरलेली होती. कागदोपत्रीं ते पांच वर्षांच्या कराराचे मजूर. गिरमिट हा शब्द ज्या देशांत घरोघर ठाऊक होता तेथील श्रोत्याला असला करार काय असतो हें समजावून सांगावयास नको. पण साओ टोमेचा प्रकार गिरमिटाहूनहि भयंकर होता. अंगोलाच्या अंतर्भागांत माणसें विकत घेत, बेड्या घालून समुद्रापर्यंत चालवीत आणीत, व एकदां बेटावर उतरलेला मजूर घरीं परत येत नसे.

रिचर्डचा मुलगा विल्यम याच्याकडे खरेदीचें खातें होतें. त्यानें डोळे मिटून घेतले नाहींत, परंतु घाईहि केली नाहीं. १९०३ मध्यें तो लिस्बनला जाऊन अधिकाऱ्यांना भेटला. त्यांनीं सुधारणेचीं आश्वासनें दिलीं. १९०५ मध्यें जोसेफ बर्ट या आपल्या माणसाला पोर्तुगीज भाषा शिकवून चौकशीस धाडलें. दरम्यान हेन्री नेव्हिन्सन या पत्रकारानें तीच वाट तुडवून पाहिलेलें १९०६ मध्यें ग्रंथरूपानें जगापुढें मांडलें. बर्टचा अहवालहि निराळें कांहीं सांगेना: ही गुलामगिरीच आहे. इकडे ब्रिटिश परराष्ट्रखातें सबुरीचा सल्ला देत होतें, कारण ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर हवे होते. आपण खरेदी थांबविली तर आपला शब्द चालणार नाहीं आणि माल दुसरे घेतील, असा पेढीचा युक्तिवाद होता. तो अगदींच पोकळ नव्हता. पण कोको येतच राहिला.

१९०८ च्या सप्टेंबरांत लंडनच्या ‘स्टँडर्ड’ पत्रानें हें वर्मावर बोट ठेवलें. जॉर्ज कॅडबरीच्या मालकीचें ‘डेली न्यूज’ हें पत्र दक्षिण आफ्रिकेंतील चिनी मजुरांच्या हालांवर रकानेच्या रकाने लिहीत होतें. मग स्वतःच्या कोकोविषयीं मौन कां, असा त्या टीकेचा रोख होता. पेढीनें बेअब्रूची फिर्याद लावली. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्यम स्वतः साओ टोमेला जाऊन आला, आणि १९०९ च्या मार्चमध्यें कॅडबरी, फ्राय व राउंट्री यांनीं तेथील माल घेणें बंद केलें. बर्मिंगहॅमच्या न्यायालयांत खटला उभा राहिला तो त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस. प्रतिपक्षाच्या बाजूनें एडवर्ड कार्सन हे नामांकित बॅरिस्टर होते. ज्याला स्वतःच गुलामगिरी म्हणतां, असा सुमारें तेरा लक्ष पौंडांचा कोको या वर्षांत विकत कां घेतला, हा त्यांचा मारा होता. ‘आम्ही चौकशी करीत होतों’ याखेरीज विल्यमजवळ उत्तर नव्हतें.

पंचांनीं कौल पेढीच्या बाजूनें दिला. मजकूर बेअब्रूकारकच होता. मात्र नुकसानभरपाई ठरविली ती एक फार्दिंग, म्हणजे त्या वेळच्या हुंडणावळीनें आपल्याकडील एक पैसा! बुल स्ट्रीटवर व्यापार मांडलेल्या घराण्याला आपल्या अब्रूचें हें मोल आपल्याच शहरांत ऐकावें लागलें.

कोको पुढें गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानांतून, येऊं लागला. तेथें टेटे क्वार्शी यानें १८७९ च्या सुमारास फर्नांडो पो बेटावरून बीं आणून लावलें होतें असें सांगतात, आणि लहान आफ्रिकी शेतकरी आपापल्या रानांत पीक काढीत. साओ टोमेच्या मजुरांना घरीं धाडण्याचें काम मात्र रखडत, हळूहळू झालें.

१९०५ सालीं निघालेल्या ‘डेअरी मिल्क’ वड्यांनीं धंदा अफाट वाढविला. १९१९ मध्यें फ्राय पेढी कॅडबरींत मिळाली. जुलै १९४८ मध्यें मुंबईस ‘कॅडबरी-फ्राय’ कंपनी स्थापन झाली, आणि पुढें तळेगांवजवळ इंदुरीस कारखाना आला. १९६९ मध्यें श्वेप्सशीं एकीकरण झालें. भागभांडवल बाजारांत पसरलें तसें घराण्याचें वजन कमी होत गेलें. २००० सालीं सर डॉमिनिक कॅडबरी अध्यक्षपदावरून उतरले, त्यानंतर त्या खुर्चीवर घरचा माणूस बसला नाहीं. २०१० मध्यें अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीनें सुमारें साडेअकरा अब्ज पौंडांना सारा धंदा विकत घेतला. फ्राय यांचा सॉमरडेल येथील कारखाना चालू ठेवण्याचा मनोदय तिनें जाहीर केला होता. व्यवहार पुरा होतांच कांहीं दिवसांतच तो फिरविला.

कारखाने, यंत्रें, नांव, सारें त्या विक्रींत गेलें. बोर्नव्हिलचीं घरें मात्र गेलीं नाहींत. तीं १९०० सालींच जॉर्जनें विश्वस्तांना देऊन टाकलीं होतीं.