बँकेचा वकील आणि आपला वकील
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)

बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून एवढंच सांगतो.

कर्ज देण्याआधी बँक आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेते. साधारण ३० वर्षांचे व्यवहार तपासले जातात. फी आपण भरतो, पण रिपोर्ट बँकेसाठी असतो. तिला काळजी कर्जाची. आपली तर आयुष्यभराची पुंजी.

एका कर्जदारानं मला विचारलं होतं, "साहेब, कागद ठीक आहेत ना?" मी म्हणालो, "बँकेनं पास केलं, मग काळजी कसली?" खरं तर पहिला मूळ करारनामा गहाळ असल्याची नोंद वकिलानं केली होती. आम्ही हमीपत्रावर त्यांची सही घेतली नि फाईल पुढे सरकली. पुढे फ्लॅट विकताना गिऱ्हाईक तिथंच अडलं. ते भेटायला आले, पण रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

तेव्हा मुलांना सांगा: विसार देण्याआधी इंडेक्स टू नि मागचे सगळे करारनामे स्वतःच्या वकिलाला दाखवा. बँकेचा रिपोर्ट आला की प्रत मागा, वाचा. सही त्यानंतर.