यंत्र आले, प्रशिक्षण कोठे आहे?
(पीण्या औद्योगिक क्षेत्र, बेंगळूर येथे मराठी कामगारांपुढे केलेले भाषण)



या पीण्यात लेथवर हात बसलेला कामगार सीएनसी यंत्रापुढे उभा राहिला. रेल्वेत आरक्षणाचे रजिस्टर जाऊन संगणक आला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मास्तरांचा खडू-फळाही यातून सुटलेला नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. २०२० साली गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

यंत्राने मास्तर घडवला नाही; मास्तराने यंत्र कामाला लावले. पण प्रत्येक शिक्षकाने पदरमोड करून, रात्री जागून शिकावे, असे म्हणणे म्हणजे व्यवस्थापनाची जबाबदारी नोकराच्या गळ्यात मारणे होय. प्रशिक्षण, वीज आणि दुरुस्तीची तजवीज नसेल तर शाळेतला संगणक कपाटातच राहतो.

म्हणून आपली मागणी एकच: यंत्राआधी प्रशिक्षण, तेही ड्यूटीच्या वेळेत आणि पूर्ण पगारी. जो शिकला त्याने शेजारच्याला शिकवावे. आणि मुलांच्या शाळेतील पालकसभेत संगणक किती आले एवढेच विचारू नका. मास्तरांना शिकायला वेळ किती दिला, तेही विचारा.